सहा घरं आणि शनिवारची गर्दी: कामाच्या नोंदी

५ ऑक्टोबर, शनिवार

आजपासून साइटची वही ठेवायची असं ठरलं आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण घमेली उचलण्यात माझा फारसा उपयोग नाही हे सगळ्यांनी आधीच ओळखलंय. मांडणी अशी आहे: सहा कुटुंबं, सहा घरं, समोरासमोर तीन-तीन, प्रत्येकात दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम. जमीन गटाच्या ट्रस्टच्या नावावर राहणार आणि घर कुटुंबाच्या, म्हणजे उद्या आजूबाजूचे भाव चढले म्हणून कोणी जमीन विकून मोकळं होणार नाही. पगारी माणसं मोजकीच: दोन गवंडी काका, सळया वाकवून बांधणारा एक फिटर, आणि इंजिनिअर ताई ज्या निम्म्या फीवर तयार झाल्यात. बाकी हात आपले, म्हणजे कुटुंबांचे आणि सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या स्वयंसेवकांचे.

आज सगळ्यात जास्त वाद कशावर झाला तर कोणतं घर कोणाचं यावर. ताईंचं म्हणणं आत्ता ठरवायचंच नाही, शेवटी चिठ्ठ्या टाकायच्या. उरुग्वेमध्ये १९६८ च्या घरबांधणी कायद्यानंतर परस्पर मदतीच्या सहकारी संस्था वाढल्या, तिथे प्रत्येक कुटुंबाने आठवड्याला साधारण २१ तास काम द्यायचं असतं आणि ते काम सगळ्यांच्या घरांवर करायचं असतं, फक्त स्वतःच्या नाही. अमेरिकेतल्या सरकारी सेल्फ-हेल्प योजनेतही कुटुंबांचे गट करतात, बांधकामातली निदान ६५ टक्के मजुरी त्यांनीच करायची आणि गटातली सगळी घरं पुरी झाल्याशिवाय कोणीच राहायला जायचं नाही. आपल्या एका दादांना हे पटलं नाही, ते म्हणाले स्वतःचं घर कुठलं ते माहीत असेल तर माणूस जीव लावून काम करतो. त्यावर त्यांच्याच घरच्या काकू म्हणाल्या, आणि बाकीच्या पाच घरांत? मग चिठ्ठीवर एकमत झालं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

आखणी. आज चाळीसएक लोक आले आणि काम होतं पाच जणांचं. प्रत्यक्ष कामाचा पहिलाच शनिवार म्हणून सगळ्यांना बोलावलं होतं, पण दोरी धरायला दोघं, रेघांवर पांढरी फक्की टाकायला एक, टेप धरायला दोघं, संपलं. बाकीच्यांनी दगड वेचले, झुडपं काढली, आणि ते झाल्यावर सल्ले दिले.

काटकोनासाठी गवंडी काकांनी गुण्या बाजूला ठेवला आणि ३-४-५ चं माप घेतलं, खरं तर ६-८-१० मीटरचं, कारण माप जेवढं मोठं तेवढी चूक कमी. एका बाजूला ६, दुसरीला ८, आणि तिरकस बरोबर १० आलं की कोपरा काटकोनात. नंतर प्रत्येक घराचे दोन्ही कर्ण मोजले, दोन्ही सारखे आले की चौकट खरी. चौथ्या घराचे कर्ण जुळत नव्हते, चार सेंटिमीटरचा फरक, कोणीतरी म्हणालं एवढं चालतं. काकांनी काही न बोलता खुंटी उपटून परत ठोकली. पाया वाकडा गेला की भिंत वाकडी, मग स्लॅब, मग लादी प्रत्येक ओळीत कापावी लागते, हे ते नंतर सावकाश समजावत होते.

लेव्हल मात्र पाण्याच्या नळीने काढली आणि शाळेतली पोरं हे बघून खूश. लांब पारदर्शक नळी, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला, बॅटरी नको काही नको. फक्त नळीत हवेचा बुडबुडा नको, नाहीतर पाणी सरळ खोटं बोलतं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

खोदाई. हे काम स्वयंसेवकांना फार आवडतं, दिसतं ना झालेलं. दुपारपर्यंत चार घरांचे चर झाले. पाचव्या घराच्या मागच्या कोपऱ्यात पहार सहज खाली जायला लागली तेव्हा ताईंनी काम थांबवलं. तिथे कधीतरी खड्डा होता आणि तो कचरा-मातीने भरलेला, विटांचे तुकडे, प्लास्टिक, काय काय निघालं. ड्रॉइंगमधली खोली गाठली होती, पण खोली गाठणं महत्त्वाचं नाही, पक्की जमीन गाठणं महत्त्वाचं. तेवढा भाग अजून खाली खणला, घट्ट थर लागेपर्यंत, आणि तो साध्या काँक्रीटने भरून वर आणायचा ठरलं. खर्च वाढला. पण घराचा एक कोपरा मऊ आणि तीन कोपरे टणक असले की तो एकच कोपरा खचतो आणि भिंतीला तिरकी भेग जाते, मग ती भेग कितीही लिंपा, परत येते.

२७ ऑक्टोबर, रविवार

आज कमी लोक होते आणि काम जास्त झालं. हे लिहून ठेवतोय कारण पुढे उपयोगी पडेल.

फिटरने प्लिंथ बीमच्या, म्हणजे जोत्याच्या पातळीला फिरणाऱ्या काँक्रीटच्या तुळईच्या, रिंगा वाकवायला शिकवल्या. उभ्या-आडव्या सळयांना बाहेरून कवटाळतात त्या या रिंगा. पाट्यावर खिळे ठोकून साचा केला, पहिल्या दहाबारा रिंगा गेल्या भंगारात, नंतर हात बसला. रिंगेची टोकं काटकोनात सोडायची नाहीत, १३५ अंशात आत वळवायची, म्हणजे हादरा बसला आणि बाहेरचं काँक्रीट सुटलं तरी रिंग उघडत नाही. आठवीतल्या एका मुलीने कोनमापक आणून प्रत्येक रिंग तपासली आणि तिने जेवढ्या बाजूला काढल्या तेवढ्या फिटरने परत वाकवल्या, निमूटपणे.

दुसरीकडे कव्हर ब्लॉक ओतले. सिमेंट-वाळूचे छोटे ठोकळे, पंचवीस मिलिमीटर जाडीचे, मधे बांधायची तार. सळईखाली हे ठोकळे ठेवले की सळई फळीला टेकत नाही आणि तिच्याभोवती काँक्रीटचं पुरेसं आवरण राहतं. आवरण कमी पडलं की ओल आत जाते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडून बाहेर येतो. जुन्या इमारतींच्या छताचे पापुद्रे पडलेले दिसतात ना, त्यातले बरेच यामुळेच. अनेक साइटवर या ठोकळ्यांच्या जागी खडीचा तुकडा सरकवतात, कारण ते बनवायला कोणाला वेळ नसतो. आपल्याकडे वेळच आहे. बसून करायचं, ओझं नाही, पुन्हा पुन्हा तेच. ज्यांना कंबरेचा त्रास आहे त्या आजी आणि दोन काकांनी मिळून सगळ्या घरांना पुरतील एवढे केले आणि ते पाण्याच्या पिंपात टाकून ठेवले.

२ नोव्हेंबर, शनिवार

पायाचं काँक्रीट. दिवसभर एकच भांडण, पाणी.

माल पातळ असला की ओढायला सोपा, म्हणून प्रत्येक जण मिक्सरपाशी गेला की हळूच अर्धी बादली वाढवणार. ताईंनी हिशोब भिंतीवर खडूने लिहिला: ५० किलोची गोणी, पाणी सिमेंटच्या वजनाच्या ०.५ पट, म्हणजे गोणीला २५ लिटर, बस. वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीही यातच धरायचं, म्हणजे वरून अजून कमी. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी लागतं त्यापेक्षा जास्त पाणी काँक्रीटमध्येच अडकतं, नंतर सुकून जातं आणि मागे बारीक पोकळ्या सोडतं, ताकद तिथे जाते. समजलं सगळ्यांना, तरी बादली चालूच. शेवटी एका बादलीला आतून रेघ मारली आणि मिक्सरच्या पाण्यावर एकाच माणसाला बसवलं, ज्याला कोणीही काही बोललं तरी फरक पडत नाही अशा माणसाला. दुपारनंतर माल सारखा आला.

९ नोव्हेंबर

जोत्यात भराव. पंधरा-वीस सेंटिमीटरचा थर, पाणी, धुम्मसाने ठोकणं, परत थर. फोटो काढण्यासारखं काही नाही, म्हणून की काय लोक कमी. एकदम सगळा भराव टाकून वरून ठोकला तर वरचा थर तेवढा बसतो, खालचा पोकळच, आणि दोन वर्षांनी लादी खाली बसते. दादा, ज्यांचा चिठ्ठीला विरोध होता, ते एकटे संध्याकाळपर्यंत धुम्मस मारत होते, तिसऱ्या घरात. ते घर त्यांचं असेल की नाही काही माहीत नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज काम अर्धा दिवस, नंतर मीटिंग. विषय तासांचा.

प्रत्येक कुटुंबाने ठरलेले तास द्यायचे हा करार आहे. पण एका घरातली ताई रात्रपाळी करते, एका घरात बाबा अंथरुणाला खिळलेले, एका घरात कमावतं माणूस एकच आणि त्याला सुट्टी मिळत नाही. एकाचं म्हणणं नियम म्हणजे नियम. पण नियम बनवताना डोळ्यासमोर धट्टाकट्टा पुरुष होता, हे कोणीतरी बोलायला हवं होतं आणि त्या रात्रपाळीवाल्या ताईनेच ते बोलून दाखवलं. ती म्हणाली, मी सकाळी घरी जाताना सहा वाजता इथूनच जाते, मला पाणी मारायचं काम द्या, ते तास धरा. मग यादी केली: पाणी मारणं, सामानाचं रजिस्टर, साइटवर आलेल्या लहान मुलांना सांभाळणं, हत्यारं धुऊन मोजून ठेवणं, मालाची गाडी आली की उतरवून घेणं. तासाला तास, वजन उचललं की नाही हे बघायचं नाही. नातेवाईक आणि मित्रांनी त्यांच्या नावावर केलेलं कामही थोडं धरायचं, पण सगळं नाही.

पैशाचंही बोलणं झालं. नफा नाही, व्याज नाही, हप्ता परत आला की तो पुढच्या घरांच्या निधीत. ही कल्पना आपली नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात कोइनोनिया नावाच्या शेतीवस्तीवर १९६० च्या दशकाच्या शेवटी क्लॅरन्स जॉर्डन आणि मिलार्ड फुलर यांनी अशी घरं सुरू केली आणि मग १९७६ मध्ये मिलार्ड आणि लिंडा फुलर यांनी हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी काढली. घर दान द्यायचं नाही, कुटुंबाने घामाचा वाटा घालायचा आणि मुद्दल फेडायचं. मला यातलं मुद्दल फेडणं जास्त महत्त्वाचं वाटतं, घामाचं कौतुक सगळे करतात पण हप्ता भरणारं कुटुंब कोणाच्या उपकाराखाली राहत नाही, त्याला पुढच्या मीटिंगमध्ये आवाज चढवून बोलता येतं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

भिंती सुरू. विटांची रचना रॅट-ट्रॅप बाँड. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळमध्ये हीच पद्धत खूप वापरली, वीट आडवी न ठेवता कडेवर उभी करायची, म्हणजे नऊ इंची भिंतीत मधे पोकळी राहते. विटा साधारण पाव हिस्सा वाचतात, मसालाही वाचतो, आणि पोकळीमुळे घर उन्हात कमी तापतं. वायरिंगचे पाइप आणि कोपऱ्यातल्या उभ्या सळया त्याच पोकळीतून नेता येतात. मात्र विटा एकसारख्या मापाच्या लागतात, आणि कोपरे, चौकटींच्या बाजू, खिडकीखालचा आणि लिंटेलखालचा (दारं-खिडक्यांवरच्या आडव्या तुळईखालचा) थर भरीव ठेवावा लागतो.

गवंडी काका दोघंही नाराज. उभी वीट म्हणजे पडायला आलेली भिंत, असं त्यांचं मत. ताईंनी हुकूम सोडला नाही, कडेला कमरेएवढी नमुन्याची भिंत बांधायला सांगितली आणि म्हणाल्या, काका तुम्हीच सांगा कशी वाटते. मोठ्या काकांनी ती दोन दिवसांनी खांद्याने ढकलून बघितली. मग कामाला लागले, पण पुटपुटणं चालू.

खरी अडचण वेगळीच निघाली. एका गवंड्याला विटा आणि मसाला पुरवायला दोन-तीन माणसं पुरतात. दोन गवंडी म्हणजे सहा माणसं. आज आलेले बावीस. उरलेल्यांनी उत्साहाने स्वतःच थर लावायला घेतले, कारण विटा रचणं म्हणजे काय मोठं असं वाटतं, आणि संध्याकाळी भिंत सरळ उभी आहे का बघायला ओळंबा सोडला तर दुसऱ्या घराची एक भिंत मीटरभर उंचीत दोन सेंटिमीटर बाहेर. पाडली. पाडताना ज्यांनी बांधली त्यांची तोंडं बघवत नव्हती. विटा धुऊन परत वापरता आल्या, दिवस मात्र गेला.

३० नोव्हेंबर, शनिवार

मागच्या आठवड्यावरून बरीच चर्चा झाली आणि एक निर्णय झाला जो मला वाटतं सुरुवातीलाच व्हायला हवा होता. आठवड्याला कोणीही या हे बंद. विटकामाला चार जण ठरले, तेच चार, दर शनिवार-रविवार, काकांच्या हाताखाली. कोपरे काका उठवणार, दोरी लावणार, मधला भाग हे चौघं भरणार, आणि दर तीन थरांनी ओळंबा काका स्वतः लावणार. चौघांत ती कोनमापकवाली मुलगी नाही, लहान आहे, पण तिची आई आहे. बाकीच्यांना विटा भिजवणे, चाळणे, वाहतूक, पाणी.

काहीजण दुखावले. एकजण म्हणाला, मग आम्ही येऊन काय करायचं. प्रश्न बरोबरच आहे. पण घर हे स्वयंसेवकांना समाधान मिळावं म्हणून बांधत नाही ना आपण.

१४ डिसेंबर, शनिवार

लिंटेलच्या पातळीला सलग काँक्रीटचा पट्टा फिरवला, सगळ्या भिंतींवरून, फक्त दारं-खिडक्यांवर नाही. भूकंपात विटांच्या घराच्या भिंती कोपऱ्यात एकमेकींपासून सुटतात आणि एकेक बाहेर कोसळते. हा पट्टा त्यांना बांधून ठेवतो. कोपऱ्यात सळई तशीच वळवून पुढे न्यायची, कोपऱ्यावर तोडून जोड द्यायचा नाही, फिटरने हे इतक्या वेळा सांगितलं की आता पोरं त्याची नक्कल करतात.

चौघांचं काम छान बसलंय. मोठे काका आज पहिल्यांदा म्हणाले, भिंत बरी आहे. त्यांच्या तोंडून बरी म्हणजे पुष्कळ झालं.

२१ डिसेंबर, शनिवार

एका कंपनीचा फोन होता, साठ माणसं, एक दिवस, बॅनर घेऊन येतो, विटा रचायला द्या. आपल्याकडे त्या दिवशी काम होतं सेंट्रिंगचं, म्हणजे स्लॅबखालच्या प्लेटा आणि टेकू उभारायचं, जे नवख्या माणसाला देणं म्हणजे धोका. बरीच चर्चा. काहींचं मत येऊ द्या, ओळख वाढते, पैसे मिळतात. मी आणि ताई विरोधात.

अशा वेळी सगळे अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचं उदाहरण देतात. १९८४ मध्ये ते हॅबिटॅटबरोबर न्यूयॉर्कमधल्या एका पडक्या सहामजली इमारतीवर काम करायला गेले, तिथे १९ कुटुंबांसाठी घरं झाली, आणि नंतर दरवर्षी आठवडाभर कुठे ना कुठे हातोडा घेऊन जात राहिले, अगदी पंच्याण्णवाव्या वर्षी डोळ्याजवळ टाके पडलेले असतानाही साइटवर हजर. आदर आहेच. पण त्या एका आठवड्याच्या आधी पाया, सामान, कामाची वाटणी, प्रत्येक गटावर जाणता माणूस, ही सगळी तयारी कोणीतरी महिनोन् महिने केलेली असते, ती कोणी फोटोत बघत नाही. आपल्याकडे साठ माणसांची तयारी करायला माणूसच नाही.

शेवटी कंपनीला सांगितलं की माणसं नकोत, सेंट्रिंगच्या प्लेटा आणि टेकूंचं एक महिन्याचं भाडं द्या. दिलं त्यांनी, हे मान्य करायला पाहिजे. बॅनर लावला नाही.

११ जानेवारी, शनिवार

स्लॅब, पहिली तीन घरं. यावर जरा लांब लिहितो.

काल संध्याकाळी ताईंनी प्रत्येक टेकू हाताने हलवून बघितला. तिरका उभा असेल, खाली मऊ मातीवर असेल, पाचरी सैल असतील, सगळे परत. खाली फळ्या टाकल्या. प्लेटांच्या फटी कागदाने-टेपने बंद, नाहीतर सिमेंटचं पाणी गळून जातं आणि खाली नुसती खडी दिसते. सळयांखाली आजींचे कव्हर ब्लॉक, प्रत्येक मीटरला. पंख्याचे बॉक्स, पाइप, सगळं आधी. सळयांवरून चालायला फळ्या टाकल्या, कारण वरची सळई पायाने खाली दबली की ती तिथे असून नसल्यासारखी.

सकाळी सातला सुरू. आणि इथे मात्र ती शनिवारची सगळी गर्दी कामाला आली. मिक्सरपासून शिडीपर्यंत, शिडीवर, आणि वर गवंड्यापर्यंत माणसांची रांग, घमेलं हातातून हातात, भरलेलं वर आणि रिकामं दुसऱ्या रांगेने खाली. कोणी पळायचं नाही, कोणी जागा सोडायची नाही, दर वीस मिनिटांनी उन्हातली माणसं सावलीत आणि सावलीतली उन्हात. पगारी मजूर लावले असते तर आजच्या एका दिवसाचाच खर्च फार झाला असता. स्लॅब हे एकच काम असं आहे की ज्याला शंभर अडाणी हात खरोखर चालतात, कारण कौशल्य लागतं ते फक्त दोन टोकांना, मिक्सरपाशी आणि वर पसरवणाऱ्याकडे.

घाई का, तर माल मिक्सरमधून निघाला की त्याचं जमणं सुरू होतं, आणि स्लॅब मधेच कुठेही थांबवला तर जुन्या-नव्या मालाचा जोड कच्चा राहतो आणि पावसात तिथूनच गळतो. थांबायचंच झालं तर कुठे थांबायचं ती रेघ ताईंनी आधीच दाखवून ठेवली होती. दुपारी ढग आले. ताडपत्र्या काढून ठेवल्या. तेवढ्यात माल हलवून आतली हवा काढणारा व्हायब्रेटर बंद पडला, दुसरा भाड्याने आणून ठेवला होता, तो लावला. (दुसरा आणायला काहींनी वायफळ खर्च म्हटलं होतं, ते आज काही बोलले नाहीत.) व्हायब्रेटर जास्तही फिरवायचा नाही, खडी खाली बसते आणि पाणी वर येतं, बुडबुडे थांबले की उचलायचा. पाऊस आलाच नाही. साडेचारला तिसरा स्लॅब संपला, संध्याकाळपर्यंत रंधा मारून झाला.

१२ जानेवारी, रविवार

काल आलेल्यांपैकी आज तिघं. स्लॅबवर मसाल्याचे छोटे बांध घालून वाफे केले आणि पाणी भरलं. काँक्रीट वाळून कडक होत नाही, पाण्याशी क्रिया होऊन कडक होतं, म्हणून निदान सात दिवस ओलं ठेवायलाच हवं, आपण चौदा ठरवलेत. रात्रपाळीवाली ताई सकाळी सहाची, आजी दुपारची, संध्याकाळी दादा. तक्ता भिंतीवर लावलाय, सही करायची, सही नसेल तर मी फोन करणार.

कालचे फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतायत.

१९ जानेवारी, रविवार

बाजूच्या प्लेटा दुसऱ्याच दिवशी काढल्या होत्या, त्याला हरकत नसते. पण खालच्या टेकूंना हात लावू देत नाही ताई. आपल्या खोल्यांत भिंतीपासून भिंतीपर्यंतचं अंतर साडेचार मीटरपेक्षा कमी आहे, नियमाने सात दिवसांनंतर टेकू काढता येतात, तरी थंडीत काँक्रीट हळू ताकद धरतं म्हणून चौदा दिवस थांबायचं असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या तीन घरांना प्लेटा लागणार म्हणून सगळ्यांची चुळबुळ. भाडं पुढच्या आठवड्याचंही भरलेलं आहे, मग घाई कशाची. थांबलो.

१ फेब्रुवारी, शनिवार

कुटुंबांची मीटिंग. आतापर्यंतची सगळ्यात उपयोगी.

विषय निघाला, पुढे मुलं मोठी झाली की खोली वाढवायची असेल तर. चिलीमध्ये इकीके शहरात वास्तुविशारद अलेहांद्रो अरावेना यांच्या गटाने साधारण शंभर कुटुंबांसाठी घरं केली होती, किंता मोनरोय नावाची वसाहत, पैसे अर्ध्याच घराचे होते म्हणून त्यांनी कुटुंबाला स्वतः बांधायला अवघड जाणारा अर्धा भाग बांधला, म्हणजे सांगाडा, संडास, स्वयंपाकघर, जिना, आणि शेजारची रिकामी जागा कुटुंबांनी आपापल्या ऐपतीने भरली. आपल्याकडे मागे साधारण एक खोली होईल एवढी जागा आहे.

दादांनी सुचवलं सळया बाहेर काढून ठेवू, पुढे जोडता येतील. ताई नाही म्हणाल्या, उघड्या सळया गंजतात आणि तो गंज आत शिरतो. त्यांनी वेगळं दाखवलं: मागच्या भिंतीत जिथे उद्या दार हवं तिथे बाजूचा भाग भरीवच बांधलाय, लिंटेलचा पट्टा वरून जातोच आहे, मधल्या विटा तेवढ्या भरलेल्या. म्हणजे उद्या तेवढ्याच विटा काढल्या की दार तयार, भिंतीला धक्का नाही. हे त्यांनी नोव्हेंबरमध्येच करून ठेवलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं! आता ते ड्रॉइंगवर लाल शाईने दाखवलंय, प्रत्येक कुटुंबाला प्रत मिळणार, कारण गिलावा झाल्यावर ते कोणालाही दिसणार नाही.

काकूंनी विचारलं, बाथरूमचं दार आत उघडतं, आत माणूस पडला तर दार उघडायचं कसं? कोणाकडे उत्तर नव्हतं. सहाही घरांची दारं बाहेर उघडणारी केली. बिजागऱ्या अजून लागल्या नव्हत्या म्हणून फुकटात झालं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गिलावा, वायरिंग, प्लंबिंग. वायरिंग लायसन्सवाल्यानेच, स्वयंसेवकांनी फक्त पाइपमधून तार ओढायला मदत. बाथरूमच्या लाद्यांखाली वॉटरप्रूफिंग करून पाणी जायची जाळी बंद केली आणि पाणी भरून दोन दिवस ठेवलं. एका घरात पातळी उतरली, पाइपभोवतीचा जोड कच्चा होता, लादीच्या आधी कळलं म्हणून तेवढ्यावर निभावलं. गिलाव्याला पण चौघंच, आणि आता त्यातल्या दोघी काकांइतक्या नाही तरी बऱ्यापैकी वेगात हात मारतात. काका त्यांना दुसऱ्या कामावर मजुरीने येता का विचारतायत.

८ मार्च, शनिवार

रंगकाम कालच संपलं. कितीही माणसं आली तरी चालतात असं हे दुसरं काम.

चिठ्ठ्या टाकल्या. दादांना निघालं पाचवं, तो मऊ कोपरा होता ते. ते लगेच मागे गेले, जोत्याच्या कडेला वाकून भेग शोधायला लागले, आणि ताई त्यांच्या मागे ड्रॉइंग घेऊन, खाली किती काँक्रीट आहे ते दाखवायला. रात्रपाळीवाल्या ताईला कोपऱ्यातलं, वाऱ्याचं. एक कुटुंब जरा नाराज होतं, त्यांचं दार समोरच्या दारासमोर येतं, पण करार सगळ्यांनी वाचून सही केलेला.

तासांचा हिशोब भिंतीवर लावला. सगळ्यात जास्त तास विटा किंवा स्लॅबचे निघाले नाहीत. निघाले पाणी मारण्याचे.

१५ मार्च, शनिवार

बाकी राहिलेलं: तिसऱ्या घराची खिडकी अडकते, सहाव्याच्या मीटरचा अर्ज लटकलाय, गटाराचं झाकण यायचंय. पहिला हप्ता पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला.

पुढच्या गटाची आठ कुटुंबं आज भेटून गेली. त्यांच्या वहीसाठी ताईंनी आणि मी असं ठरवलंय: आधी विटकामाची माणसं निवडून नमुन्याच्या भिंतीवर शिकवायची, मग खोदाई. शनिवारचं खुलं आमंत्रण फक्त खोदाई, स्लॅब आणि रंगाला. पाणी मारायचा तक्ता पहिल्या दिवसापासून. आणि गवंडी एक वाढवायचा, त्याचे पैसे कुठून आणायचे हे अजून ठरायचंय, मंगळवारी परत बसतोय.